मानपानाचे प्रोसेसर

प्रयोगशाळेत चार जणी होत्या, आणि हंगाम संपला की त्यांतल्या दोघींना कायम करणार होते. उरलेल्या दोघींचा करार जूनअखेर संपणार होता. हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं, मलाही माहीत होतं. नवीन जालन्यात स्टेशनच्या बाजूला बियाण्यांच्या कंपन्यांची ऑफिसं आहेत, त्यांतल्या एका मधल्या आकाराच्या कंपनीत मी गेली सतरा वर्षं कॉम्प्युटर सांभाळतो. व्हिजिटिंग कार्डावर पदाचं नाव दोन ओळींचं आहे. लोक 'कॉम्प्युटरवाले सर' म्हणतात आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मलाच बोलावतात.

त्या उन्हाळ्यात मला फारसं काही वाटत नसे. कारण विचाराल तर सांगता येणार नाही. घरात कोणी गेलं नव्हतं, कुणाशी वाकडं नव्हतं, मुलगी तिच्या अभ्यासात होती. साखर, रक्तदाब, थायरॉइड सगळं तपासून झालं. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहे, रोज चालत जा. मग मी सकाळी मोती तलावापर्यंत चालत जाऊ लागलो. जाताना काही वाटायचं नाही, येतानाही नाही. बायको विचारायची, भाजी कशी झालीय. मी म्हणायचो, चांगली. एकदा तिनं मुद्दाम मीठच घातलं नाही, तरी मी चांगलीच म्हणालो. त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि हे मला तिसऱ्या दिवशी तिनंच सांगितल्यावर कळलं.

तर सर्व्हरचं. आमच्याकडं खरा सर्व्हर एकच. त्याच्या पोटात चौदा आभासी मशीन चालतात. हिशेब खात्याचं एक, बिलिंगचं एक, डिस्पॅचचं एक, प्रयोगशाळेचं एक, असं करत करत चौदा. प्रत्येकाला वाटतं आपला संसार वेगळा, पण खातात सगळे एकाच चुलीवरचं. खऱ्या सर्व्हरमध्ये कोअर चोवीस, म्हणजे एका वेळी काम करू शकतील अशी चोवीस डोकी. त्यांतली कोणत्या मशीनला प्रोसेसर म्हणून किती दाखवायची हे मी ठरवायचो. गंमत अशी की चोवीसच असली तरी कागदावर कितीही वाटता येतात. यंत्र अडवत नाही, विचारतही नाही.

आमच्याकडं लग्नात टॉवेल-टोपी देतात. कुणाला नवा फेटा, कुणाला नुसती टोपी, पण कुणी सुटता कामा नये. मांडवात शेदोनशे माणसांना पुकारून पुकारून ते कापड वाटलं जातं. ती टोपी पुढं कुणी घालत नाही, पण एखाद्या चुलतमामाचं नाव पुकारायचं राहिलं तर तो पुढची दहा वर्षं ते काढतो. मी ऑफिसात तेच केलं. बिलिंगचं मशीन हळू झालं म्हणून दोनाचे चार प्रोसेसर करून दिले, की आठवडाभरात डिस्पॅचचे साहेब चहाच्या वेळी सहज विचारायचे, "आमच्यात किती आहेत हो?" प्रोसेसर म्हणजे काय याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. समोरच्याला चार आणि आपल्याला दोन, एवढं पुरे होतं. मग त्यांचे चार. मग हिशेब खातं रुसायचं, म्हणून त्यांचे सहा. तीन वर्षांत तेरा मशीनचे आठ-आठ झाले. तेरा आठं एकशे चार, आणि खरे चोवीस.

मला नाही म्हणता येत नाही. ऑफिसात याला सहकार्य म्हणतात आणि दरवर्षी माझ्या मूल्यमापनात तो शब्द येतो. शिवाय वाढवून दिलं की मशीनच्या वापराचा आलेख खाली यायचाच. तेवढंच काम आठ जणांत वाटलेलं दिसलं की टक्का लहान दिसतो. लाल रेघ हिरवी व्हायची, साहेब खूश व्हायचे, मी सुटायचो. मशीन खरोखर जलद झालं का, हे मी कधी पाहिलं नाही.

चौदावं मशीन प्रयोगशाळेचं. त्याला तेव्हाही दोनच होते, कारण प्रयोगशाळेनं कधी मागितलं नाही.

एप्रिलमध्ये कपाशीच्या बियाण्याची धावपळ सुरू झाली आणि सगळी मशीन मंदावली. आत जाऊन पाहावं तर प्रोसेसर नव्वद टक्क्यांच्या पुढं. मी नेहमीचे संशयित धरले. अँटिव्हायरसची तपासणी संध्याकाळी ढकलली. बॅकअपची वेळ बदलली. डिस्पॅचमधला एक रिपोर्ट कुणीतरी दर पाच मिनिटांनी आपोआप चालू ठेवला होता, तो बंद केला. सर्व्हर रूम ही आमच्या इमारतीतली सगळ्यात गार खोली, त्यामुळं उन्हाळ्यात तिथं ताकाच्या बाटल्या आणि मोसंब्यांच्या पिशव्या येऊन बसतात. त्या बाहेर काढल्या. याचा प्रोसेसरशी काडीचा संबंध नव्हता, पण काहीतरी केल्यासारखं झालं आणि चार खाती माझ्यावर नाराज झाली.

एका दुपारी प्रयोगशाळेतून फोन आला. त्या चौघींपैकी एक अंबडहून एसटीनं यायच्या, चौतीस-पस्तिशीच्या, करारावर सहा वर्षं झालेल्या. मी त्यांना ताई म्हणायचो. प्रयोगशाळेत बी उगवून बघतात. ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर-शंभर बिया ठेवायच्या, ठरल्या दिवशी उलगडून सरळ उगवलेली किती, वेडीवाकडी किती, मेलेली किती हे मोजायचं आणि त्याच दिवशी मशीनमध्ये भरायचं. संध्याकाळी सहाला नोंद बंद होते. भरायचं राहिलं की ते त्या बाईच्या नावापुढं 'पेंडिंग' म्हणून पडतं. भाजीपाल्याचं बी आणि बाजरी बाकीच्या तिघींकडं. ते काम थोडं, सकाळीच उरकायचं. कपाशी ताईंकडं. तिची मोजणी दुपारपर्यंत चालायची, आणि भरायला बसावं तेव्हा बिलिंग आणि डिस्पॅच सर्व्हरवर तुटून पडलेले असायचे.

"सर, मशीन लई हळू चालून राह्यलं," ताई म्हणाल्या. "सेव्ह केलं की नुसतं गोल गोल फिरतंय."

मी शेजारी स्टूल घेऊन बसलो. त्यांनी सेव्ह दाबलं आणि ओठ हलवू लागल्या.

"काय करताय?"

"मोजून राह्यले सर. वीस-बावीसपर्यंत जातंय." त्यांनी वही पुढं केली. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं तारीख आणि पुढं आकडे. एकोणीस, बावीस, एकवीस, चोवीस. "सवय हाय. आमच्या वडलांची मेंढरं व्हती. सांजच्याला आत घेताना मीच मोजायचे. एक जरी कमी आलं तरी मला कळायचं."

"किती पेंडिंग पडलंय तुमचं?"

"कालचे धरून अकरा. बाकीच्या तिघींचं एकबी न्हाई." त्या हसल्या नाहीत, रडवेल्याही झाल्या नाहीत. "सर, सायबांनी त्या पेंडिंगच्या तक्त्यावरूनच दोघी ठेवायच्या ठरवलंय. मला ही नोकरी पायजे. पोरीला जालन्याला आणायची हाय शाळेला. कायम झाले की खोली बघणार."

मी म्हणालो, "बघतो, ताई." आणि जे मला येत होतं तेच केलं. त्याच संध्याकाळी प्रयोगशाळेच्या मशीनला दोनाचे आठ प्रोसेसर दिले. टॉवेल-टोपीत कुणी राहायला नको. दुसऱ्या दिवशी आलेख छान हिरवा दिसला. ताईंना फोन करून सांगितलं की मशीनची ताकद चौपट केली आहे. त्या म्हणाल्या, "लई उपकार झाले सर." मलाही वाटलं, बरं काम झालं. वाटलं म्हणजे तसं मनात म्हणालो.

त्यानंतर दोन आठवडे मी प्रयोगशाळेकडं फिरकलो नाही. फोनही आला नाही. ज्याच्याकडून एकदा मदत झाली त्याला परत त्रास द्यायचा नाही, ही त्यांची रीत असावी. पेंडिंगचा तक्ता दर सोमवारी सगळ्यांना मेलनं यायचा, मलाही यायचा. अकराचे एकोणीस झाले, एकोणीसचे तेहेतीस. मी तो उघडून बघायचो आणि बंद करायचो.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, एका मंगळवारी, डिस्पॅच अर्धा तास ठप्प झालं आणि वरून ओरडा आला. मी सॉफ्टवेअरवाल्यांच्या पुण्याच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडं एक शांत आवाजाची मुलगी होती. मी तिला सगळं सांगितलं, की आतून बघितलं तर मशीन नव्वद-पंच्याण्णव टक्के, आणि बाहेरून खऱ्या सर्व्हरकडं बघितलं तर तो जेमतेम साठ. तिनं एकच विचारलं, "सर, रेडी किती दाखवतंय?"

सतरा वर्षांची नोकरी आणि तो रकाना मी कधी उघडला नव्हता. तो आपोआप दिसत नाही, निवडावा लागतो. मी ऐटीत म्हणालो, "बघून सांगतो," आणि फोन ठेवला. परत काही लावला नाही.

रेडी म्हणजे मशीन काम करायला तयार आहे, पण त्याची पाळी येत नाही, असा वेळ. तो रकाना उघडला आणि चौदाच्या चौदा मशीनपुढं मोठमोठे आकडे. ते वाचायला मला पाऊण तास लागला, पण कळलं ते एवढंच होतं. लग्नाच्या पंगतीत आठ माणसांचं एक कुटुंब आलं आणि म्हणालं, आम्ही बसणार तर आठही जण एकदमच बसणार, तर दोन पानं रिकामी झाली, तीन झाली, त्याचा त्यांना उपयोग नसतो. ते उभेच राहतात. आणि चौदाच्या चौदा कुटुंबं आठ-आठांची असली की पानं रिकामी दिसतात आणि लोक उपाशी उभे असतात. हे मी केलं होतं. एकेकाचा मान राखत, तीन वर्षं.

मग मी प्रयोगशाळेत गेलो. जेवणाची वेळ होती, चौघी डबे घेऊन मागच्या व्हरांड्यात बसल्या होत्या. ताईंची वही टेबलावर होती. शेवटचं पान उघडलं. एकवीस, चोवीस, तेवीस, आणि मी आठ प्रोसेसर दिले त्या तारखेपासून एकेचाळीस, अडतीस, सत्तेचाळीस, बावन्न. रोज, न चुकता, खाली खाली. माझ्याकडं चौदा मशीनचे रंगीत आलेख होते, आणि नेमकं काय झालं ते त्या पेन्सिलीच्या ओळीत लिहिलेलं होतं. माझ्या मदतीनंतर त्यांचं मशीन दुप्पट मंदावलं होतं.

मी ते मशीन बंद केलं, आठाचे परत दोन केले, सुरू केलं. बाकीची त्या वेळी बंद करता येत नव्हती. पण हिशेबाचं आणि आमच्या स्वतःच्या खात्याची तीन मशीन माझ्या हातात होती, तीही उतरवली. ताई जेवून आल्या, हात पुसून बसल्या, सेव्ह दाबलं. सात मोजायच्या आत झालं.

"सर, आज जल्दी चालून राह्यलं," त्या म्हणाल्या. "काय केलं?"

"थोडं सेटिंग," मी म्हणालो.

त्या दिवशी त्यांचं एकही पेंडिंग पडलं नाही. त्यानंतरही कधी पडलं नाही. पण आधीचे सत्तेचाळीस पेंडिंग तक्त्यात होते, आणि कायम करायच्या दोघींची यादी शुक्रवारी लागणार होती.

आता मी काय करायला हवं होतं हे कुणालाही सांगता येईल. प्रयोगशाळेच्या साहेबांच्या केबिनमध्ये जायचं आणि एक वाक्य बोलायचं: ते सत्तेचाळीस त्यांचे नाहीत, माझे आहेत. वही दाखवायची. पाच मिनिटांचं काम. साहेब माणूस वाईट नव्हते. फार तर दोन शब्द बोलले असते, आणि माझी नोकरी काही गेली नसती.

बुधवारी मी गेलो. साहेब फोनवर होते. मी उभा राहिलो. फोन ठेवून त्यांनी विचारलं, "हं, बोला."

"सर्व्हर रूमच्या एसीचं सर्व्हिसिंग करून घ्यावं म्हणतो," मी म्हणालो.

"करा की. त्यात विचारायचं काय? आता बराबर चालू आहे ना सगळं?"

"हो सर. बिलकुल."

बाहेर आलो. घाम आला नव्हता, छाती धडधडत नव्हती. भीती वाटली असती तर निदान म्हणता आलं असतं की घाबरलो म्हणून बोललो नाही. तीही नव्हती. जिभेवर वाक्य तयार होतं आणि त्याची पाळी आली नाही, एवढंच.

गुरुवारी मेल लिहायला बसलो. चार ओळी लिहिल्या. मी प्रोसेसर कसे वाटले, त्यामुळं काय झालं, प्रयोगशाळेच्या नोंदी का रखडल्या, कोणत्या तारखेपासून. वाचून पाहिलं. चौथी ओळ फार लांब वाटली म्हणून काढली. मग तिसरी तिच्याशिवाय अर्धवट वाटली. असं करत करत शेवटी उरलं ते, 'सर्व्हरची तांत्रिक अडचण दूर करण्यात आली आहे.' ते सगळ्यांना पाठवलं. दुपारपर्यंत सहा जणांचे अभिनंदनाचे निरोप आले. डिस्पॅचच्या साहेबांनी कचोरी मागवली. मी खाल्ली.

शुक्रवारी यादी लागली. दोन नावं होती आणि ताईंचं नव्हतं.

पुढं महिनाभर त्या रोज येत राहिल्या. तेव्हाही सांगता आलं असतं. यादी म्हणजे काही कोर्टाचा निकाल नव्हता. पण रोज सकाळी वाटायचं, आता बोललो तर आधी का नाही बोललात हे विचारतील. दिवसागणिक तो प्रश्न मोठा होत गेला आणि मी मूग गिळून बसलो. मधल्या एका रविवारी बाकीची मशीन एकेक उतरवली. कुणाला दोन, कुणाला तीन. खात्यांना सांगितलं नाही. त्यांना अजूनही वाटतं आपल्याकडं आठ आहेत, आणि मशीन पूर्वीपेक्षा जलद चालतात म्हणून ते माझं कौतुक करतात.

जूनच्या शेवटच्या दिवशी दुपारी ताई सर्व्हर रूमशेजारच्या माझ्या खोलीत आल्या. करार संपला की एका कागदावर सगळ्या खात्यांच्या सह्या घ्याव्या लागतात. ग्रंथालय, भांडार, सुरक्षा आणि शेवटी आमची, कारण लॉगिन बंद करायचं असतं. त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

"बसा, ताई."

"न्हाई सर, गाडी हाय." तरी त्या बसल्या. "सर, तुमीच एक होते ज्यांनी माझ्यासाठी कायतरी केलं. मशीनला ताकद दिली. मीच कमी पडले."

तेव्हा मी बोललो. का, ते माहीत नाही. वाक्य आपोआप बाहेर पडलं. म्हणालो, ताई, तुम्ही कमी पडला नाहीत. मी दिलेल्या त्या ताकदीमुळंच मशीन मंदावलं होतं. तुमच्या वहीत ते तारखेसकट आहे. सगळं सांगितलं, पंगतीचं उदाहरण देऊन सांगितलं. त्या मान हलवत ऐकत होत्या. त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर कळलं.

 मग त्यांनी विचारलं, "तुमाला कवा कळलं सर? यादी लागायच्या आधी का नंतर?"

"आधी," मी म्हणालो. "मंगळवारी."

"मंग सायबांला सांगितलं न्हाई?"

"नाही."

"कामून?"

  त्या वाट बघत होत्या, रागानं नव्हे, काहीतरी कारण असेल आणि ते आपल्याला कळेल अशा तऱ्हेनं. मला लाज वाटली. त्या साऱ्या उन्हाळ्यात मला खरोखर वाटलेली ती एकच गोष्ट, आणि ती वाटली तेव्हा मी टेबलाची कड धरून बसलो होतो.

"सही करा सर," ताई म्हणाल्या. "पाच-चाळीसची गाडी हाय."

मी सही केली. त्यांनी कागदाची घडी न करता तो फाइलमध्ये ठेवला, नमस्कार केला आणि गेल्या. मी त्यांचं लॉगिन बंद केलं. त्याला एक बटण दाबावं लागतं, आणि खात्री आहे का म्हणून मशीन एकदा विचारतं.

मग मी उठून साहेबांच्या केबिनपर्यंत गेलो. साहेब घरी निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी ते होते. मी गेलो नाही.